तांब्याच्या लग्नाचा आहेर

"हात मागे घे," म्हणत मेरेटेने तार ताणली आणि आस्गरचा ओल्या मातीचा वाडगा काठापासून बुडापर्यंत उभा चिरला.

दोन फाका दोन बाजूंना कलल्या. सकाळपासून घाम गाळून त्याने कसाबसा उभा केलेला तो पहिलाच वाडगा होता. मेरेटेने त्यातली एक फाक उचलून त्याच्या नाकासमोर धरली.

"बघ. खाली दोन बोटं जाड आणि वर कागद. हा भट्टीत गेला असता तर फुटला असता. एकटा फुटला असता तर म्हटलं असतं, मर मेल्या. पण शेजारच्या चौघांना घेऊन गेला असता."

"बाहेरून बरा दिसत होता की," आस्गर म्हणाला.

"बाहेरून सगळेच बरे दिसतात रे. म्हणून तर कापते."

मेरेटे साठीची, हाडापेराने दणकट बाई. खाडीकाठची बंद पडलेली डेअरी विकत घेऊन तिने तिथे कुंभाराची चाकं आणि भट्टी मांडली होती आणि महिन्यातून एकदा शनिवार-रविवारी ती नवशिक्यांना माती शिकवायची. पहिलं भांडं कुणाचंही असो, ती ते कापायचीच. समोरच्या बाकावर कोपनहेगनहून आलेलं एक तरुण जोडपं होतं, मिक्केल आणि आस्ट्रिड. आस्ट्रिडने आपला वाडगा हळूच पाठीमागे लपवला.

"लपव, लपव. कोपनहेगनची माती काही वेगळी नसते," मेरेटे तिच्याकडे न बघताच म्हणाली.

लिस्बेट हसली. खळखळून नाही, नाकातल्या नाकात, पण हसली. खाली मान घालून चिखल गोळा करता करता आस्गरने ते ऐकलं आणि तेवढ्यावर त्याचा सकाळपासूनचा शीण उतरला. ऑगस्ट उजाडला की त्याची ही बायको त्याला सोडून नॉर्वेला जाणार होती. तिथल्या एका वृद्धाश्रमात तिला नर्सची नोकरी मिळाली होती आणि राहायला खोलीही. आता जूनचा मध्य उलटून गेला होता. तिने जाऊ नये, एवढी एकच गोष्ट आस्गरला या जगात हवी होती आणि नेमकी तीच त्याच्या तोंडून बाहेर पडत नव्हती. या दोन दिवसांत ती सतत त्याच्या शेजारी असणार होती. असे दिवस पुन्हा मिळायचे नाहीत, हे त्याला कळत होतं.

तसं ते दोघं इथे आपण होऊन आलेच नव्हते. गल्लीने पाठवलं होतं.

आमच्याकडे लग्नाला साडेबारा वर्षं झाली की त्याला तांब्याचं लग्न म्हणतात. पंचवीस वर्षांच्या चांदीच्या लग्नाचा हा निम्मा टप्पा, म्हणून दाराला कमानही निम्मीच बांधायची. शेजारीपाजारी आदल्या दिवशी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमून हिरव्या फांद्यांची कमान विणतात, पहाटे गुपचूप दाराला लावतात आणि अकॉर्डियनवर गाणी म्हणत नवराबायकोला उठवतात. त्या दोघांनी झोपेच्याच कपड्यांत, हातात हात घालून दारात यायचं आणि सगळ्यांना गरम पाव आणि कडू दारूचा एकेक घोट द्यायचा. त्याआधी जोडप्याने आपल्याला कशाचा पत्ताच नव्हता असं सोंग आणायचं असतं.

आस्गर आणि लिस्बेटला सोंग आणावं लागलं नाही. ते खरोखरच विसरले होते. ईस्टरच्या सुमाराला त्यांचं वेगळं व्हायचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे काय, तर लिस्बेट जेवताना म्हणाली, "मी नॉर्वेला जाते. तुझ्या शेजारी बसून मला एकटीपेक्षा जास्त एकटं वाटतं." आणि आस्गर बटाट्याचं साल सोलता सोलता म्हणाला, "बरं." तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग ताटं उचलली. त्या दिवसापासून तो तळघरात, बॉयलरशेजारी कॉट टाकून झोपायला लागला.

त्या पहाटे अकॉर्डियनने त्याला जाग आली आणि सगळा घोटाळा ध्यानात आला. तळघराचं दार नेमकं रस्त्याच्या बाजूला. तिथून बाहेर पडला असता तर अख्ख्या गल्लीने पाहिला असता. मग हा पन्नाशीला टेकलेला गडी अनवाणी पायांनी आतल्या अरुंद जिन्याने वर धावला. लिस्बेट दाराशी उभीच होती. "केस सारखे कर," ती कुजबुजली. दोघांनी एकमेकांचा हात धरला, दार उघडलं आणि गल्लीने एकच जल्लोष केला.

पाव खाऊन झाल्यावर शेजारचा होल्गर पेला उंचावून उभा राहिला. ऐंशी ओलांडलेला हा म्हातारा अशा प्रत्येक प्रसंगी पंपाची गोष्ट सांगतो. आमच्या गावात ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. गावातल्या घरांना ऊब देणारं गरम पाणी ज्या केंद्रातून येतं, तिथली यंत्रं आस्गर सांभाळतो. दोन हिवाळ्यांमागे लिस्बेटच्या छातीतली गाठ काढायची होती आणि आदल्याच रात्री, कडाक्याच्या थंडीत, केंद्रातला मोठा पंप बसला. आस्गर त्याच्याशी झुंजत राहिला आणि लिस्बेट टॅक्सी करून एकटी इस्पितळात गेली.

"ही बाई तिकडे सुरीखाली आणि हा गडी इकडे गुडघाभर गार पाण्यात!" होल्गर म्हणाला. "आमची म्हातारी हाडं त्या दिवशी गोठली नाहीत, ती या दोघांमुळे. असं जोडपं दाखवा कुठे!"

ही गोष्ट गावात पसरवली होती ती लिस्बेटनेच. आजारातून उठल्यावर ती ज्याला त्याला ऐटीत सांगायची, "माझा आस्गर बोलत नाही, पण करतो." हल्ली सांगत नसे. त्या पहाटे मात्र होल्गरचं ऐकताना तिने आस्गरच्या पाठीवर हात ठेवला होता. लोकांना दाखवायला की आपसूक, ते आस्गरला ठरवता आलं नाही.

मग आहेर निघाला. सगळ्या गल्लीने वर्गणी काढून त्यांना मेरेटेकडच्या शिबिरात दोन दिवस पाठवायचं ठरवलं होतं. "दोघांनी मिळून केलेलं भांडं आम्हाला दाखवायचं हं!" होल्गरची बायको म्हणाली. खरं सांगून टाकायला याहून चांगली वेळ नव्हती आणि याहून वाईटही नव्हती. आमच्या जटलंडातली माणसं एक वेळ घर मोडतील, पण दहा जणांनी मिळून दिलेला आहेर परत करणार नाहीत. दोघंही एकदमच "कशाला उगीच!" म्हणाली आणि सगळे खूश झाले.

दुपारी राईचा पाव आणि खारवलेला मासा खाऊन झाल्यावर मेरेटेने प्रत्येकासमोर मातीचे नवे गोळे टाकले. माती आधी चांगली मळून घ्यायची, आतली हवा काढायची. लिस्बेटच्या उजव्या हातावर कोपराच्या वरपर्यंत घट्ट विणीची, कातडीच्या रंगाची बाही होती. गाठीबरोबर काखेतूनही काहीबाही काढलं होतं, तेव्हापासून जोर लावला की तो हात सुजायचा. तिने गोळ्यावर एकदा दाब दिला आणि ती जरा थांबली. आस्गरने तिचा गोळा आपल्याकडे ओढला, मळला आणि परत तिच्यासमोर सरकवला. तिने तो घेतला. 

मेरेटे हे लांबून बघत होती. आमच्या देशात लहानथोर सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, पण मेरेटेच्या तोंडी ते जरा जास्तच शोभायचं.

"तुम्ही दोघं इकडे या," ती म्हणाली. "माझ्या आजोबांचं चाक आहे हे. वीजबीज काही नाही. एकाने खालचं जड चाक पायाने ढकलायचं आणि दुसऱ्याने वर माती उचलायची. तुझा हात दुखरा आहे, पण बोटं चांगली आहेत. आणि तू रे? पाय तरी धड आहेत ना?"

"पाय आहेत," आस्गर म्हणाला.

"बोलतो कमीच म्हणायचा."

"हा जास्त बोललेला आहे आज," लिस्बेट म्हणाली. मिक्केल आणि आस्ट्रिड हसले.

चाकाला समोरासमोर दोन बैठका होत्या. दोघांचे गुडघे जवळजवळ एकमेकांना टेकत होते. आस्गरने खालचं चाक ढकललं. ते सुरुवातीला कुरकुरलं, मग फिरायला लागलं. लिस्बेटने ओल्या हातांनी गोळा धरला, पण तो डावीकडे-उजवीकडे झोकांड्या खात होता.

"जोरात," ती म्हणाली. "नाही, एवढं नाही. हां. असंच ठेव."

यंत्राचा आवाज ऐकून त्याची तब्येत ओळखणं हे आस्गरचं आयुष्यभराचं काम. तिच्या हाताखालची माती कधी अडते, कधी सैल सुटते, ते त्याला थोड्याच वेळात पायातून कळायला लागलं. ती बोटं आत घालायची तेव्हा तो गती धरून ठेवायचा, ती भिंत वर ओढायला लागली की हळूच कमी करायचा. तिला सांगावं लागेना. गोळ्याचं तोंड उघडलं, पोट सुटलं, भिंत वर येऊ लागली. मिक्केल-आस्ट्रिड आपलं काम सोडून बघत उभे राहिले.

लिस्बेटच्या कपाळावरचे केस डोळ्यांवर आले होते. दोन्ही हात चिखलात. तिने मान झटकली, फुंकर मारून पाहिली, ते काही हटेनात.

"आस्गर, केस."

त्याचे हात स्वच्छ होते. त्याने पाय न थांबवता पुढे वाकून तिचे केस कानामागे सारले. आजाराआधी तिचे केस सरळ होते. औषधांनी ते गळाले आणि पुन्हा उगवले ते दाट, कुरळे. या नव्या केसांना त्याने आजवर हात लावला नव्हता. ते इतके मऊ असतील असं त्याला वाटलं नव्हतं. त्याचा हात तिच्या कानापाशी क्षणभर जास्त राहिला आणि तिने डोकं बाजूला घेतलं नाही.

मेरेटेने बुडाखालून तार फिरवून ते भांडं चाकावरून सुटं केलं, फळीवर घेतलं, चारी बाजूंनी पाहिलं. चांगला वीतभर उंच, लोणच्याच्या बरणीसारखा गोल पोटाचा सट होता.

"हा कापायचा?" आस्गरने विचारलं.

"हा नाही कापत. वाईट नाही."

आमच्या भागात यापेक्षा मोठी स्तुती कुणी कुणाची करत नाही. लिस्बेट इतकी हसली की हात मातीचे म्हणून तिने कपाळ आस्गरच्या खांद्याला टेकलं. मग तिचं तिलाच लक्षात आलं आणि ती हात धुवायला निघून गेली.

संध्याकाळी दोघं खाडीकाठाने चालले. जूनमधली उन्हं, मावळायचं नाव नव्हतं.  परत फिरताना लिस्बेट म्हणाली, "आज बरं वाटलं."

"हं," आस्गर म्हणाला. आणि मग सगळं बळ एकवटून, "मलाही."

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं, आणखी काहीतरी येईल म्हणून थांबल्यासारखी. पण जे आलं होतं तेच त्याच्या हिशेबाने पुष्कळ होतं. मुक्कामाच्या खोलीवर गेल्यावर ती एका बाजूला झोपून गेली आणि आस्गर छताकडे बघत शब्द जुळवत बसला. तिची तक्रार काय, तर तो तिच्यासाठी कधी जागचा हलला नाही. पण हलला होता तो! एकदा हलला होता आणि तिला ते ठाऊकच नव्हतं. ते कळलं तर तिचा राग जाईल, निदान थोडा तरी जाईल, असं त्याला वाटलं आणि उजाडेपर्यंत ते वाटणं पक्कं झालं. बिचाऱ्याला बोलायची सवय असती तर त्याने कुठलीही दुसरी गोष्ट निवडली असती.

रविवारी सकाळी सट चामड्याइतका घट्ट झाला होता. तो चाकावर उपडा ठेवून त्याचं बूड तासायचं होतं, म्हणजे खालची जादा माती काढून त्याला बसायला गोल कडं करायचं. मेरेटेने लोखंडी पात्याचं हत्यार लिस्बेटच्या हातात दिलं, एकदा करून दाखवलं आणि बजावलं, "चाक मधेच थांबवू नका, नाहीतर पातं आत घुसेल." मग कोपनहेगनच्या जोडीला घेऊन ती मागच्या अंगणात भट्टी दाखवायला गेली. खोलीत हे दोघंच राहिले. आस्गर चाक ढकलू लागला. मातीच्या बारीक सालपटांची माळ लिस्बेटच्या पात्याखालून सुटून खाली पडत होती. तिचा चेहरा शांत होता, ओठ किंचित दुमडलेले.

"लिस्बेट."

"हं."

"त्या दिवशी मी आलो होतो."

"कुठल्या दिवशी?"

"तुझं ऑपरेशन होतं त्या दिवशी."

पातं मातीवर एकदा अडखळलं. तिने ते उचललं आणि पुन्हा टेकवलं.

"चाक हळू करू नकोस," ती म्हणाली. "कुठे आला होतास?"

"इस्पितळात. म्हणजे... बाहेर. गाड्या लावतात तिथे."

"आणि पंप?"

"पंप पहाटेच चालू झाला होता. मग गाडी काढली आणि थेट आलो. तुला आत घ्यायच्या आधी पोचलो होतो."

सालपटं पडत होती. आस्गरला वाटलं, ती ऐकते आहे, म्हणजे ठीक चाललं आहे. तो घाईघाईने पुढे बोलला. इतकी वाक्यं सलग तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

"सगळा वेळ तिथेच होतो. तुला बाहेर आणेपर्यंत. गाडीतूनच फोन करून वॉर्डात विचारलं. नीट झालं म्हणाल्या, तेव्हा मग परत गेलो. मी गेलो नव्हतो असं नाही. मी होतो तिथे."

"दार दिसत होतं?"

"कसलं दार?"

"इस्पितळाचं. गाडीत बसल्या जागेवरून."

"समोरच होतं."

"मग?"

"उतरवेना," तो म्हणाला. "दोनदा दार उघडलं गाडीचं. पुन्हा लावून घेतलं. वाटलं, आत गेलो आणि डॉक्टर काहीतरी बोलला तर..." त्याने पायाने चाकाला आणखी एक धक्का दिला. "भीती वाटली."

"मलाही वाटत होती," लिस्बेट म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "पण मला गाडीत बसून राहायची सोय नव्हती."

आस्गरचा पाय मंदावला.

"चालव," ती म्हणाली. "हे पुरं करू दे मला."

तो चालवत राहिला. तिने बुडाचं कडं आतून तासलं, बाहेरून तासलं. बोलताना ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"स्ट्रेचरवर झोपवून मला आत नेत होते ना, तेव्हा तिथल्या नर्सने विचारलं, घरचं कुणी आलं नाही का? कुणी नाही म्हटल्यावर बायका कीव करतात, तसं तिने तोंड केलं. मी तिला म्हटलं, माझा नवरा आत्ता गार पाण्यात उभा आहे, पाच हजार माणसांना ऊब द्यायला. तोंडावर भूल द्यायचा मुखवटा चढवेपर्यंत मी तेच बोलत होते. त्या पंपाच्या जिवावर मी झोपले, आस्गर. नंतर तू घरात तोंडात मिठाची गुळणी धरून बसायला लागलास. मला हात लावेनास, माझ्या जखमेकडे बघेनास. तेव्हा मी स्वतःला समजवायचे, की असू दे. हा माणूस बोलत नाही, पण करतो. वेळ आली तेव्हा हा दुसऱ्यांसाठी उभा होता. दोन वर्षं काढली मी त्या पंपावर."

"मला वाटलं, तुला बरं वाटेल," आस्गर म्हणाला.  "मी आलो होतो, हे कळल्यावर."

"तू आला नव्हतास." तिने पातं खाली ठेवलं. "थांबव आता."

चाक आपल्या वजनाने थोडं फिरत राहिलं आणि थांबलं. सटाच्या बुडाला स्वच्छ, गोल कडं आलं होतं. लिस्बेटने हात धुतले, बाही वर ओढून नीट बसवली आणि ती पुढच्या दाराने बाहेर गेली.

आस्गर तिच्या मागे गेला. ती गाडीपाशी उभी होती. खाडीवरून वारा येत होता आणि मागच्या अंगणातून आस्ट्रिडचं खिदळणं ऐकू येत होतं. त्याला सांगायचं होतं ते आता आपोआप तोंडून निघालं, आणि निघाल्यावर कळलं की ते फारच सोपं होतं.

"जाऊ नकोस."

लिस्बेटने डोळे मिटले.

"ईस्टरला हे म्हणाला असतास तर मी बॅगसुद्धा काढली नसती माळ्यावरून. तेवढ्यासाठीच थांबले होते मी जेवणाच्या टेबलावर. तू बटाटे सोलत होतास."

"आणि आता?"

तिने गाडीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाली, "सांगू? काल संध्याकाळी परत येताना मी मनात ठरवलं होतं. सोमवारी नॉर्वेला फोन करायचा आणि सांगायचं, मी येत नाही."

आस्गरने गाडीच्या टपावर हात टेकला. 

"म्हणजे मी आज गप्प बसलो असतो तर..."

"तर राहिले असते. होल्गरकडे जेवायला गेले असते आणि तुझ्या पंपाची गोष्ट ऐकून टाळ्या वाजवल्या असत्या. मरेपर्यंत."

वाऱ्याने तिचे केस पुन्हा चेहऱ्यावर आले. या वेळी तिने स्वतःच ते मागे घेतले. आस्गरचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादी गोष्ट पूर्ण विचार करून बोलायची होती.

"मग सांगितलं तेच बरं झालं," तो म्हणाला.

लिस्बेटने त्याच्याकडे पाहिलं. असं तिने त्याच्याकडे फार दिवसांत पाहिलं नव्हतं.  एक पाऊल ती पुढे आली असंही त्याला वाटलं. पण तिने फक्त त्याच्या शर्टावरचं मातीचं सालपट झटकलं.

"गुरुवारी इस्पितळात तपासणी आहे ना तुझी?" त्याने विचारलं. "मी येतो. आतपर्यंत येतो."

"नको रे." ती हे रागाने म्हणाली नाही. "मी एकटी जायला शिकले आता. जा, आत जाऊन सामान घेऊन ये. त्या बाईला माझा निरोप सांग. माझ्याच्याने आता कुणाशी हसून बोलवणार नाही."

ती गाडीत बसली. आस्गर आत गेला.

मेरेटे चाकाशी उभी होती. तिने उपडा सट हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवून पाहिला होता. तिने रिकाम्या बैठकांकडे आणि मग आस्गरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जन्मभर जोडपी पाहिलेली बाई ती.

"पुढच्या आठवड्यात भाजते हा," ती म्हणाली. "बुडावर नाव कोरायचं राहिलं आहे. माती अजून ओली आहे तोवर करून टाक. दोघांची आद्याक्षरं पुरेत, जागा कमी आहे."

तिने लाकडी मुठीची सुई त्याच्या हातात दिली. आस्गर बैठकीवर टेकला. सट मांडीवर उलटा धरून त्याने चष्मा लावला. आधी त्याने 'लिस्बेट' लिहिलं. एक अक्षर वाकडं झालं, ते त्याने ओल्या अंगठ्याने पुसून सारखं केलं आणि पुन्हा काढलं. मग त्याच्यापुढे तिचं आडनाव लिहिलं, राउनकिल्डे. तिचं लग्नाआधीचं आडनाव. ते लांबलचक आडनाव या साडेबारा वर्षांत त्याने एकदाही लिहिलं नव्हतं, पण एकही अक्षर चुकलं नाही. कड्याच्या आत ते जेमतेम मावलं.

मेरेटेने वाकून वाचलं.

"आणि तुझं?"

"सट तिने केला," आस्गर म्हणाला. "मी नुसतं चाक फिरवलं."

त्याने अक्षरांवरचा मातीचा बारीक चुरा फुंकून टाकला आणि सट दोन्ही हातांनी उचलून फळीवर ठेवला.